एव्हबरी: शिळावर्तुळाच्या पोटातलं गाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणाऱ्या मराठी आणि गोंयकार घरांत भारतातून पाहुणे आले की एक प्रश्न हमखास येतो: "जवळपास बघण्यासारखं काय आहे?" उत्तर एव्हबरी. त्यानंतर जे प्रश्न येतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र करून ठेवली आहेत. सगळी वाचायलाच हवीत असं नाही. घाई असेल तर 'दगड गेले कुठे' आणि 'न्हावी' एवढी दोन तरी वाचा.

एव्हबरी म्हणजे नेमकं काय, आणि आहे कुठे?

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं एक छोटं गाव. स्विंडनपासून १८ किलोमीटरच्या आसपास, दक्षिणेला. लंडनहून एम-४ रस्त्याने निघालात तर स्विंडनच्या अलीकडेपलीकडे उतरायचं.

गावाबाहेर एखादं प्राचीन स्मारक असावं, तसं हे नाही. इथे स्मारकाच्या आत गाव आहे. सुमारे ४२० मीटर व्यासाचा एक प्रचंड मातीचा बांध, त्याच्या आत खोल खंदक, खंदकाच्या आतल्या कडेने दगडांचं मोठं वर्तुळ, त्या वर्तुळात आणखी दोन लहान वर्तुळं, आणि या सगळ्यात घरं, पब, चॅपल, मेंढ्या आणि भरधाव गाड्यांचा एक हमरस्ता. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३३० मीटर. जगातलं सगळ्यात मोठं शिळावर्तुळ म्हणून ते ओळखलं जातं. १९८६ पासून स्टोनहेंज आणि एव्हबरी मिळून एकच जागतिक वारसास्थळ आहे.

स्टोनहेंज की एव्हबरी? दोन्हींना वेळ नाही.

फोटो काढून 'जाऊन आलो' म्हणायचं असेल तर स्टोनहेंज. दगडावर दगड आडवा ठेवलेली ती कमान एव्हबरीत नाही, आणि नातेवाइकांना फोटो दाखवल्यावर ओळख पटते ती स्टोनहेंजचीच.

मात्र तिथे तिकीट काढून, दोरीच्या बाहेरून चालत बघावं लागतं. एव्हबरीत तिकीट नाही, दोरी नाही. दगडाला पाठ टेकून डबा उघडता येतो. जॉन ऑब्री नावाचा गृहस्थ १६४९ च्या जानेवारीत शिकारीच्या निमित्ताने इथे पोचला आणि थक्क झाला. गावातल्या साध्या चर्चपुढे कॅथीड्रल जितकं भव्य, तितकं स्टोनहेंजपुढे एव्हबरी भव्य, असं त्याने लिहून ठेवलं. पुढे १६६३ मध्ये त्याने राजा दुसऱ्या चार्ल्सलाही इथे आणून दाखवलं. माझं मत ऑब्रीच्या बाजूने आहे. दोन्हींमध्ये गाडीने पाऊण तासाचं अंतर आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात दोन्ही होतात.

कोणी बांधलं आणि कशासाठी?

नवाश्मयुगातल्या शेतकऱ्या-गुराख्यांनी, इ.स.पू. २८५० ते २२०० या काळात, टप्प्याटप्प्याने. म्हणजे बांधकाम काही शतकं चालू होतं. ज्यांनी खंदक खणला त्यांच्या नातवंडा-पतवंडांनीही काम पाहिलं असेल.

कशासाठी, याला ठाम उत्तर नाही. खंदक बांधाच्या आतल्या बाजूला आहे. किल्ला असता तर खंदक बाहेर असता, हे आपल्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. म्हणजे संरक्षणासाठी नाही. लोक जमण्याची, विधी करण्याची जागा असावी एवढं सगळे मानतात. त्यापुढे जो जे सांगतो, ते जरा तपासूनच घ्यावं.

खंदकाची मूळ खोली नऊ मीटर किंवा त्याहून जास्त होती. आज दिसतो तो गाळ भरून निम्म्यावर आलेला. हे सगळं लाल हरणांच्या शिंगांनी खणलंय. त्या शिंगाच्या कुदळी उत्खननात सापडल्या आहेत. इथली जमीन खडूची, पांढरीशुभ्र. आज सगळीकडे गवत असल्यामुळे लक्षात येत नाही, पण नवा खणलेला बांध आणि खंदक लांबून चुन्यासारखे पांढरे चमकत असणार.

दगड कुठून आणले?

जवळच्याच मार्लबरो डाउन्सच्या टेकड्यांवरून. दगडाची जात सार्सन, म्हणजे अत्यंत कठीण वाळूचा दगड. स्टोनहेंजसाठी काही दगड वेल्समधून आणले, तशी लांबची कथा इथे नाही. टेकड्यांवर हे दगड आजही पडलेले दिसतात. लांबून बसलेल्या मेंढ्या वाटतात म्हणून तिथले लोक त्यांना मेंढ्यांचंच नाव देतात.

एव्हबरीच्या दगडांना घडवलेलं नाही. जसा मिळाला तसा, आकार बघून उभा केला. काही दगडांत आरपार भोकं आहेत. दगड तयार होताना त्या वाळूत झाडांची मुळं होती, त्यांच्या त्या जागा. लहान मुलांना त्या भोकांत हात घालायला फार आवडतं.

शंभर दगड होते म्हणतात, मग बाकीचे गेले कुठे?

बाहेरच्या वर्तुळात मूळचे शंभराच्या आसपास होते. आज जागोजाग खिंडारं दिसतात. आणि गेले कुठे म्हणाल, तर फार लांब नाही. बरेच गावाच्या भिंतींत आहेत.

नासधूस दोन वेळा झाली. पहिली मध्ययुगात, मुख्यतः चौदाव्या शतकाच्या सुमारास. दगडाच्या शेजारी खड्डा खणायचा, दगड त्यात लोटायचा आणि माती टाकून बुजवायचा. हे चर्चच्या धाकाने केलं की नांगराला आडवे येत होते म्हणून, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला दोन्ही कारणं एकत्र असणं सहज पटतं. काही असो, पुरलेले दगड शाबूत राहिले, त्यामुळे नासधूस करणाऱ्यांनीच ते जपले म्हणायचे.

दुसरी वेळ सतराव्या-अठराव्या शतकातली आणि ती खरी घातक. घरं बांधायला दगड हवा होता. सार्सन हातोड्याला दाद देत नाही, तेव्हा लोकांनी युक्ती काढली. दगड खड्ड्यात आडवा पाडायचा, खाली पेंढा आणि लाकडं पेटवायची, दगड पुरता तापला की जिथे फोडायचा त्या रेषेवर थंड पाणी ओतायचं, आणि लगेच घण घालायचे. तडाख्यात दोन तुकडे. विल्यम स्टकली नावाचा अभ्यासक १७१९ पासून पुढची काही वर्षं इथे येत राहिला आणि हे सगळं त्याने डोळ्यांदेखत पाहिलं. टॉम रॉबिन्सन नावाच्या स्थानिकाला त्याने या नासाडीचा मुख्य गुन्हेगार ठरवलंय. स्टकलीने उभे असलेले, पाडलेले, फोडलेले असे सगळे दगड मोजून नकाशे केले. आज कुठे काय होतं हे सांगता येतं ते बरंचसं त्या नकाशांमुळे. (पुढे त्याला प्राचीन ब्रिटनमधल्या ड्रुइड पुरोहितांचं वेड लागलं आणि सगळ्याच रचनेत त्याला भलामोठा साप दिसायला लागला. नकाशे घ्यावेत, साप सोडून द्यावा.)

गावातून फिरताना भिंतींकडे नीट बघा. वर्तुळातल्या चॅपलच्या भिंतीत, कॉटेजच्या पायात, कुंपणात करड्या सार्सनचे ओबडधोबड तुकडे लागलेले आहेत. वर्तुळ बघायला आलेला माणूस मोकळ्या खिंडारासमोर उभा राहून हळहळतो आणि ज्या भिंतीला टेकून उभा असतो, तिच्यात तोच दगड असण्याची बरीच शक्यता असते.

ते सिमेंटचे बुटके खांब कसले आहेत?

जिथे दगड होता पण आज नाही, त्या जागा दाखवणाऱ्या खुणा. त्या बसवल्या अलेक्झांडर कीलरने, आणि आज आपण जे एव्हबरी बघतो ते मोठ्या अंशी त्याचं आहे.

कीलर हा स्कॉटलंडमधल्या डंडीच्या प्रसिद्ध मार्मलेड घराण्याचा वारस. पैसा वाडवडिलांचा, हौस पुरातत्त्वाची. १९२३ मध्ये जवळच्या विंडमिल हिलवर बिनतारी संदेशाचा मनोरा उभा करायचा घाट घातला गेला, तेव्हा ती वाचवायच्या खटाटोपात तो पडला आणि शेवटी त्याने टेकडी विकतच घेतली. तिथे उत्खनन केलं, आणि मग १९३४ ते १९३९ या काळात मोर्चा एव्हबरीकडे वळवला. पुरलेले दगड शोधून काढले, मूळ खड्डे सापडले त्यांत ते परत उभे केले, पायात काँक्रीट ओतलं. वर्तुळाचा पश्चिमेकडचा भाग आणि वेस्ट केनेट ॲव्हेन्यू या दगडांच्या रांगांचा गावाजवळचा भाग हे प्रामुख्याने त्याचं काम. युद्ध सुरू झालं आणि पूर्वेकडची बाजू तशीच राहिली. म्हणून आज एका बाजूला दगडांची भरगच्च ओळ आणि दुसरीकडे जवळजवळ मोकळं रान दिसतं. १९४३ मध्ये त्याने ही मालमत्ता १२,००० पौंडांना, शेतजमिनीच्या भावाने, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला विकली.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. 'मूळ रूप' आणण्याच्या नादात वर्तुळातली काही कॉटेज आणि इमारती पाडल्या गेल्या, झाडं तोडली गेली. वर्तुळातल्या लोकांची सोय बाहेर, एव्हबरी ट्रस्लो भागात लागली. गाव संपूर्ण हलवायचा विचार होता, तो बारगळला, हे बरं झालं. ज्या गावाने दगड फोडले त्या गावाला शेवटी दगडांसाठी घरं सोडावी लागली. हा काव्यात्म न्याय आहे असं म्हणणारे लोक भेटतात. ज्यांना घर सोडावं लागलं ते टॉम रॉबिन्सन नव्हते, एवढंच त्यांना सांगावंसं वाटतं.

त्याच्याआधी कोणी वाचवायचा प्रयत्न केला नाही?

केला. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्तुळातली जमीन घरांसाठी प्लॉट पाडून विकायला निघाली होती. तेव्हा जॉन लबक या बँकर-खासदाराने ती विकत घेऊन टाकली. हाच माणूस १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्यामागे होता आणि १८८२ चा प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदाही त्यानेच लावून धरला. १९०० मध्ये सरदारकी मिळाली तेव्हा पदवीसाठी त्याने नाव निवडलं 'लॉर्ड एव्हबरी'. बँक हॉलिडेच्या सोमवारी इथे गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यालाही एका अर्थी तोच जबाबदार.

दगडाखाली सापडलेल्या न्हाव्याची गोष्ट खरी आहे का?

सापळा खरा, वस्तू खऱ्या. गोष्ट मात्र वरून बरीच रचलेली.

१९३८ मध्ये वर्तुळाच्या नैर्ऋत्य भागात कीलरची माणसं एक पुरलेला दगड उकरत होती. दगडाखाली माणसाचा सापळा निघाला. त्याच्याजवळ चांदीची काही नाणी होती, साधारण १३२० च्या दशकातली. एक लोखंडी कात्री होती. आणि एक टोकदार सळईसारखं उपकरण, जखम तपासायचं असावं असं. कात्री आणि सळई बघून ठरलं की हा गावोगाव फिरणारा न्हावी-वैद्य असणार. त्या काळी हजामत करणारा आणि जखमा शिवणारा, रक्त काढणारा माणूस एकच असे, आपल्याकडेही न्हावी मलमपट्टी करत असतच. दगड पाडायला गावकऱ्यांना मदत करताना तो अंगावर पडला आणि हा खाली अडकला, अशी कथा तयार झाली. मग पुढची कडी: ही दैवी शिक्षा समजून गावाने दगड पाडणं बंद केलं.

सापळा लंडनला गेला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला असं सगळे धरून चालले. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तो लंडनच्याच नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सापडला. हाडं नव्याने तपासल्यावर, दगडाखाली चिरडून मेला हे काही सिद्ध होईना. उलट डोक्यावर एक जुनी, भरून आलेली जखम मिळाली. कदाचित मेल्यावर त्या तयार खड्ड्यात पुरला असेल. तरी दगडाचं नाव 'बार्बर स्टोन' पडलं ते पडलंच. इतर दगड बघत जा, पण याच्यापाशी थांबून ती कात्री डोळ्यांसमोर आणा: सातशे वर्षांपूर्वी एक कारागीर आपली पोटापाण्याची हत्यारं आणि चार नाणी कमरेला बांधून या गावात शिरला होता.

दगडांना हात लावलेला चालतो का? कोणते दगड चुकवू नयेत?

खुशाल लावा. चढू नका, कोरू नका, मेणबत्त्या-उदबत्त्या टेकवून लावू नका. दगडावरचं दगडफूल जपलं जातं आणि आगीने सार्सन तडकतो हे वर आलंच आहे.

उत्तरेला रस्त्याला अगदी खेटून स्विंडन स्टोन आहे, चौकोनाला एका टोकावर उभं करावं तसा. वजन ६० टनांच्या वर असावं असा अंदाज. उभा केल्यापासून तो कधीच पडलेला नाही, अशा मोजक्या दगडांपैकी हा एक. मध्यरात्री तो रस्ता ओलांडतो असं म्हणतात. गाड्यांचा वेग बघता त्याने दिवसा ओलांडू नये हेच बरं.

दक्षिणेच्या प्रवेशाशी 'डेव्हिल्स चेअर' हा दगड आहे. त्याच्यात बसायला खोबणीसारखी जागा आहे आणि प्रत्येक कुटुंबाचा फोटो तिथे होतोच. त्याला उलट्या दिशेने फेऱ्या मारल्या की सैतान हजर होतो अशी समजूत आहे. आपल्या पोरांनी फेऱ्या मारल्या तर आई-वडील हजर होतात, एवढाच अनुभव आहे.

उत्तरेच्या आतल्या वर्तुळातले 'कोव्ह'चे दोन अवाढव्य दगड मात्र शांतपणे बघा. त्यांतला एक जमिनीत बराच खोल गेलेला आहे. त्याचं वजन १०० टनांच्या घरात असावं, असं जमिनीखाली तपासल्यावर लक्षात आलं. आपण जो भाग बघतो तो वरचा.

गावात दगड सोडून काय आहे?

सेंट जेम्स चर्च बांधाच्या जरा बाहेर, पश्चिमेला. मूळ बांधकाम सॅक्सन काळातलं, हजारएक वर्षांपूर्वीचं. आतला बाप्तिस्म्याचा दगडी घडा बघा. त्याच्यावर बिशप आणि ड्रॅगन कोरलेले आहेत. लाकडी रूड लॉफ्ट, म्हणजे चर्चमधला क्रुसाचा सज्जा, पंधराव्या शतकातला आहे. धर्मसुधारणेच्या काळात असे सज्जे सगळीकडे तोडले गेले, इथला भिंतीआड लपवला गेला म्हणून वाचला आणि एकोणिसाव्या शतकात परत बाहेर आला. पुरून ठेवलं म्हणून टिकलं, ही या गावाची जुनीच रीत दिसते.

एव्हबरी मॅनर हा सोळाव्या शतकातला वाडा. कीलर इथेच राहत असे. २०११ मध्ये बीबीसीने एका मालिकेसाठी त्याच्या खोल्या वेगवेगळ्या काळांच्या थाटात सजवल्या. जानेवारी २०२४ च्या पुराचं पाणी आत शिरलं आणि तो बंद करावा लागला, तेव्हा निघण्यापूर्वी नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. शेजारी गोल कबुतरखाना आणि सतराव्या शतकातलं मळणीचं मोठं कोठार आहे. कोठाराच्या छपराखालचा लाकडी सांगाडा बघायला मान वर करून दोन मिनिटं तरी उभं राहावं.

आणि 'रेड लायन', गवताने शाकारलेल्या छपराचा पब. पूर्णपणे शिळावर्तुळाच्या आत असलेला. आत एक जुनी खोल विहीर आहे. तिच्यावर काच टाकून टेबल केलंय. भूतही आहे म्हणतात, फ्लोरी नावाचं. शाकाहारी खाणं मिळतं, पण चिप्सवर भिस्त ठेवायची नसेल तर डबा घेऊन जा.

म्युझियममधलं लहान मुलाचं हाडांचं ते प्रकरण काय?

कीलरच्या नावाच्या म्युझियममध्ये विंडमिल हिलवर १९२९ मध्ये सापडलेल्या तीनेक वर्षांच्या मुलाचा सापळा मांडलेला आहे. सगळे त्याला 'चार्ली' म्हणतात, मुलगा की मुलगी हे ठाऊक नसूनही. २००६ मध्ये आजच्या ड्रुइड मंडळींनी मागणी केली की हे आमचे पूर्वज, त्यांना परत मातीत द्या. बरीच चर्चा, लोकांची मतं मागवणं वगैरे होऊन २०१० मध्ये निर्णय झाला की सापळा म्युझियममध्येच राहील. लहान मुलं सोबत असतील तर आत जाण्याआधी त्यांना सांगून ठेवा. म्युझियमला तिकीट आहे.

सिल्बरी हिलवर चढता येतं का?

नाही. आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो.

गावाच्या दक्षिणेला, शेतांतून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, उपडा वाडगा ठेवावा तशी ही टेकडी आहे. टेकडी म्हणतो खरं, पण ती माणसांनी रचलेली आहे. इ.स.पू. २४०० च्या सुमाराला, अंदाजे पाच लाख टन खडू आणि माती वाहून. पायथ्याचा व्यास १६० मीटरच्या आसपास, उंची ३० मीटरहून जास्त. युरोपातला सगळ्यात मोठा प्रागैतिहासिक कृत्रिम डोंगर.

आत काय आहे? काही नाही. म्हणजे राजा सिल सोन्याच्या चिलखतात घोड्यावर बसलेला पुरलाय असं जे म्हणतात, ते नाही. पण माणसाला धीर निघत नाही. १७७६ मध्ये माथ्यापासून तळापर्यंत उभी विहीर खणली. १८४९ मध्ये बाजूने बोगदा पाडला. १९६८ ते १९७० मध्ये परत बोगदा, या वेळी बीबीसीचे कॅमेरे सोबत घेऊन. खजिना तिन्ही वेळा मिळाला नाही. मिळालं ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचं गवत, शेवाळ आणि किडे. माझ्या दृष्टीने हे सोन्यापेक्षा भारी आहे, कारण त्या काळी इथे कुरण होतं हे त्यावरून कळतं. खणणाऱ्यांनी भोकं नीट बुजवली नाहीत आणि २००० मध्ये माथ्यावर अचानक मोठा खड्डा पडला. १७७६ ची विहीर खचली होती. शेवटी २००७-०८ मध्ये आतल्या सगळ्या पोकळ्या खडू भरून बंद केल्या. चढायला मनाई त्यासाठी, आणि उतारावरच्या दुर्मीळ गवत-फुलांसाठी. दुसरा चार्ल्स १६६३ मध्ये वर चढून गेला होता, पण राजाचं वेगळं असतं. रस्त्याकडेच्या छोट्या वाहनतळावरून फोटो उत्तम येतो.

वेस्ट केनेट लाँग बॅरो बघण्यासारखी आहे का?

नक्की. सिल्बरीसमोर रस्ता ओलांडून शेतातून चढाव चढायचा, पंधरा-वीस मिनिटं. ही सामुदायिक समाधी, इ.स.पू. ३६५० च्या सुमाराची, म्हणजे दगडांच्या वर्तुळाहून कितीतरी जुनी. मातीचा लांबोडका उंचवटा १०० मीटर लांब, पण आत शिरता येतं ते फक्त पूर्वेच्या टोकाला. दोन्ही हातांना दोन-दोन आणि समोर एक अशा पाच दगडी खोल्या. किमान ३६ माणसांचे अवशेष इथे मिळाले आहेत, म्हातारे, तान्ही मुलं, सगळे. एवढी माणसं फार थोड्या वर्षांत, एखाद्या पिढीच्या आतच, ठेवली गेली असं अलीकडच्या कालमापनातून दिसतं. त्यानंतर खोल्या हळूहळू भरत गेल्या आणि शेवटी तोंडाशी प्रचंड शिळा उभ्या करून दार लावून टाकलं.

टॉर्च न्या. आतल्या एका दगडावर हात फिरवला की खडबडीतपणा संपून अचानक काचेसारखा गुळगुळीत पट्टा लागतो. दगडी कुऱ्हाडी घासून घासून धार लावल्याची ती जागा, आणि ते घासणं समाधी बांधायच्याही आधीचं असावं.

सँक्च्युअरीला गेलो, तिथे काहीच नव्हतं. बरोबर ठिकाणी गेलो होतो ना?

बरोबर गेला होता. ओव्हर्टन हिलवर काँक्रीटचे ठोकळे आणि छोटे खांब आहेत, तीच ती. आधी लाकडी खांबांची आणि मग दगडांची वर्तुळं होती. दगड १७२३-२४ मध्ये उखडले गेले, स्टकलीच्या देखत. जागाच विसरली गेली होती. १९३० मध्ये मॉड कनिंग्टन यांनी त्याच्याच नोंदींवरून ती परत शोधली. एव्हबरीतून निघणारी वेस्ट केनेट ॲव्हेन्यूची दुहेरी दगडी रांग अडीचेक किलोमीटर चालत इथे येऊन संपत असे.

एक भयंकर तपशील: सतराव्या शतकात मार्लबरोच्या डॉ. टूप यांनी या परिसरातली हाडं पोत्यांनी उकरून नेली आणि त्यांचं औषध करून रोग्यांना दिलं. स्वतःच पत्रात अभिमानाने लिहिलंय.

समोर रस्त्यापलीकडे रिजवे ही १३९ किलोमीटरची पायवाट सुरू होते. ट्रेकिंगवाल्यांसाठी.

आपल्या विदर्भात अशीच शिळावर्तुळं आहेत ना? काही संबंध?

आहेत, आणि नागपूरकर पाहुणा हा विषय काढल्याशिवाय राहत नाही. नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं शेकड्यांनी आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथेही उत्खननं झाली. पण ती लोहयुगातली, म्हणजे एव्हबरीनंतर दीड-दोन हजार वर्षांची, आकाराने लहान, आणि मुळात दफनं आहेत. मृतासोबत लोखंडी हत्यारं, भांडी, घोड्याचे अलंकार पुरलेले सापडतात. एव्हबरीचं वर्तुळ दफनाचं नाही. थेट नातं काही नाही.

तुलना मात्र जुनी आहे. रिव्हेट-कार्नॅक हा ब्रिटिश सनदी अधिकारी जुनापाणीच्या दगडांवरचे वाटीसारखे खळगे बघून चक्रावला आणि युरोपातल्या दगडांवरही अगदी असेच आहेत म्हणून १८७९ मध्ये त्याने लेख लिहिले. दोन्हीकडचं एकाच लोकांचं काम असावं हा त्या काळचा तर्क आज कोणी मानत नाही.

तिथे आजही पूजा होते का?

२१ जूनच्या आसपास आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी ड्रुइड, निसर्गपूजक पेगन आणि बरेच हौशी लोक जमतात. पांढरे झगे, ढोल, हातात हात धरून वर्तुळ. झाडांना रंगीत फिती बांधलेल्या दिसतील. नवसाला चिंध्या बांधलेलं झाड पाहिलेल्या आपल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. त्या दिवसांत वाहनतळाचे नियम बदलतात. गर्दी आवडत नसेल तर टाळा.

परतताना वाटेत आणखी काही?

काल्नच्या दिशेने गेलात तर चेरहिलचा पांढरा घोडा. उतारावरचं गवत खरवडून खालचा खडू उघडा करून काढलेला, १७८० चा. काल्नच्या डॉ. ॲल्सप यांनी तो काढून घेतला. स्वतः लांब उभं राहून कर्ण्यातून ओरडून ते मजुरांना रेषा सांगत होते म्हणे. त्याच्या वरचा उंच स्तंभ लॅन्सडाउन या सरदार घराण्यातल्या तिसऱ्या लॅन्सडाउनने १८४५ मध्ये उभारलेला. पुढे याच घराण्यातला पाचवा लॅन्सडाउन १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

वर्तुळ जमेल, सपाट गवत आहे. फाटकं ढकलून जावं लागतं आणि मेंढ्यांच्या लेंड्या सगळीकडे, तेव्हा चपला नकोत. पाऊस पडून गेला की खडूची माती साबणासारखी निसरडी होते. बांधावर चढू देऊ नका. सिल्बरी गाडीतून दाखवा. लाँग बॅरो त्यांच्यासाठी सोडून द्या.

सगळ्यात जपायचं ते रस्त्याला. वर्तुळाच्या मधून जाणारा रस्ता वळणाचा आहे आणि दगडाआडून गाडी कधी येते कळत नाही.

गाडी नसेल तर?

स्विंडनहून ४९ नंबरची बस गावातच सोडते. पॅडिंग्टनहून स्विंडन रेल्वेने तासाभरावर. रविवारी बसगाड्या कमी असतात. परतीची वेळ उतरतानाच थांब्यावर बघून ठेवा. गाडी असेल तर दक्षिणेचा नॅशनल ट्रस्टचा वाहनतळ वापरा, पैसे पडतात, सदस्यांना पडत नाहीत. गावातल्या घरांसमोर गाडी लावू नका. तिथे लोक राहतात.